वरिष्ठांच्या खोट्या बिलाची तक्रार केली तर राज्य कर्मचाऱ्याला कायदा वाचवतो का?

तुम्ही गोवा सरकारच्या खात्यात कारकून, साहेबांची खोटी बिलं दिसताहेत आणि तक्रार केल्यावर संरक्षण मिळेल का, हा प्रश्न. जागल्यांच्या, म्हणजे गैरव्यवहार उघड करणाऱ्यांच्या, संरक्षणाचा कायदा २०१४ मध्ये झाला, राष्ट्रपतींची सहीही झाली, पण तो आजवर लागूच केलेला नाही. तेव्हा नाही असंच धरून चाला.

मी पेडण्यात लेखा शाखेत होतो. खाजनाच्या, म्हणजे खाडीकाठच्या सखल शेतजमिनीच्या, बांधाच्या दुरुस्तीचं बिल माझ्या टेबलावर आलं. एमबीत, म्हणजे कामाच्या मोजमाप-वहीत, चिऱ्यांचं काम पूर्ण, मोजमापं सह्यांसकट. तो बांध माझ्या ऑफिसच्या वाटेवरच. भगदाड तसंच होतं आणि भरतीला खारं पाणी सरळ शेतात शिरायचं. मी नोटिंगमध्ये लिहिलं, ‘प्रत्यक्ष पाहणीचा अहवाल जोडावा, त्यानंतरच बिल पुढे पाठवता येईल.’ साहेब म्हणाले, ते पान काढ आणि दुसरं घाल. पानांना क्रमांक मी शाईनं घालून ठेवले होते. बिल अडलं, आणि माझी काणकोणला बदली झाली. कारण ‘जनहितार्थ’! गोव्याच्या एका टोकाहून दुसऱ्या टोकाला.

वर गोपनीय अहवालात नुसता ‘चांगला’ असा शेरा. बाहेरच्याला ही स्तुती वाटेल, बढतीच्या यादीत ती लाथ असते. सुदैवानं २००८ मध्ये देव दत्त प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं होतं की प्रत्येक शेरा कर्मचाऱ्याला कळवलाच पाहिजे. मी निवेदन दिलं, माहिती अधिकारात काढलेली त्या नोटिंगची प्रत जोडली, शेरा सुधारून घेतला. बदली मात्र हलली नाही. घटनेचं कलम ३११ बडतर्फी आणि पदावनतीपुरतं. बदली ही शिक्षा धरलीच जात नाही. सगळी लबाडी तिथेच आहे.

म्हणून जे सांगायचं ते फाइलवर सांगा, तारीख घालून. आमचे भावोजी आजही म्हणतात, ‘तू निनावी पत्र टाकायला हवं होतंस.’ अहो, फाइल कोणाच्या टेबलावरून गेली हे शिपायालाही ठाऊक असतं, त्यात निनावी काय राहतं?

हो, एक राहिलं. तुम्ही केंद्राचे कर्मचारी असता, म्हणजे टपाल, बंदर वगैरे, तर गोष्ट थोडी वेगळी. महामार्गाच्या कामातला भ्रष्टाचार उघड करणारे अभियंते सत्येंद्र दुबे यांच्या २००३ मधल्या हत्येनंतर २००४ चा सरकारी ठराव आला. त्याखाली केंद्रीय दक्षता आयोगाकडे बंद लिफाफ्यात तक्रार देता येते आणि नाव गुप्त ठेवतात. लिफाफ्यावर ‘पीआयडीपीआय’ (त्या ठरावाच्या इंग्रजी नावाची आद्याक्षरं) लिहायचं, स्वतःचं नाव फक्त आतल्या कागदावर. निनावी पत्र तिथेही चालत नाही, हे भावोजींसाठी मुद्दाम लिहितोय. त्यांनी स्वतःच्या खात्यात तसं एक पत्र टाकलं होतं. ते ‘योग्य त्या कार्यवाहीसाठी’ ज्याच्याविरुद्ध होतं त्याच अधिकाऱ्याकडे परत आलं, आणि त्यावर आवक क्रमांक घालायला आवक-जावकच्या टेबलावर भावोजीच बसले होते.