मांजरीचे दिवस उलटले, अजून व्याली नाही; किती वाट पाहू?

आधी दिवस कुठून मोजले ते बघा. माज बरेच दिवस चालतो, त्यामुळे हिशेब हमखास चुकतो. सरासरी ६३ ते ६५ दिवस; ६८ उलटले तर सोनोग्राफीत पिल्लांचे ठोके बघून घ्या. गुदद्वारातलं तापमान १०० फॅरनहाइटखाली उतरलं की बहुधा २४ तासांत वेणा सुरू.

जळगाव-धुळ्याच्या मे महिन्यात पत्र्याखाली विण्यासाठीचं खोकं नकोच. धाप उन्हाची की कळांची, ते कळत नाही. धाब्याच्या (मातीच्या सपाट छताच्या) घरातला अंधारा, गार कोपरा उत्तम. कूलरचा झोत अंगावर नको.

अर्धा तास जोराच्या कळा येऊनही पिल्लू नाही, पिल्लाआधीच हिरवट-काळा किंवा घाण वासाचा स्राव, खाणं बंद: लगेच पशुवैद्यकीय दवाखाना गाठा. कळांचं इंजेक्शन घरी देऊ नका. पिल्लू आडवं अडकलं असेल तर गर्भाशय फाटू शकतं.