एच-इंडेक्स ३८ की ९?

प्रश्न: मुलगी मुंबईत एमबीबीएसच्या दुसऱ्या वर्षाला आहे. आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद) एसटीएस या विद्यार्थ्यांसाठीच्या दोन महिन्यांच्या संशोधन प्रोजेक्टसाठी तिला गाइड हवा आहे. मी बँकेत आहे. कॉलेजच्या प्राध्यापकांची एच-इंडेक्सनुसार (पेपर किती आणि इतर संशोधक त्यांचे दाखले किती देतात, यावरून निघणारा आकडा) यादी केली, सोबत पाठवतोय. पहिल्या नंबरच्या सरांचा ३८ आहे. ती मात्र ९वाल्या मॅडमचाच हट्ट धरून बसलीय. म्हणते, त्या वॉर्डातल्या राउंडला थांबून समजावतात. तिला कसं पटवू? (एक पालक, मुलुंड)

उत्तर: पटवू नका.

तुम्ही बँकेतले, त्यामुळे शीट नीटनेटकी आहे. पण सरांचा ३८ गूगल स्कॉलरवरचा आणि मॅडमचा ९ स्कोपसवरचा! दोन्ही पेपर आणि त्यांचे दाखले मोजणाऱ्या वेगवेगळ्या साइट्स. गूगल स्कॉलर प्रबंधांतले उल्लेखही धरतं, तिथला आकडा बहुधा चढाच असतो. दोन वेगळ्या काट्यांवरची वजनं एका रकान्यात आली आहेत.

एच-इंडेक्स हा निर्देशांक २००५मध्ये जॉर्ज हर्श या भौतिकशास्त्रज्ञाने मांडला. समजा, एकाचे पाच पेपर आहेत आणि इतरांनी त्यांचे अनुक्रमे ४०, १२, ५, ३ आणि १ वेळा दाखले दिलेत. किमान तीन दाखले असलेले निदान तीन पेपर निघतात, पण किमान चार दाखले असलेले चार पेपर निघत नाहीत. म्हणून एच-इंडेक्स ३. पहिल्या पेपरचे ४०चे ४०० झाले तरी ३च. आकडा वाढतो, उतरत नाही, म्हणून ज्येष्ठांचा मोठा दिसतो. नोकरीची वर्षं तुमच्या शीटमध्ये नाहीत. आणि एका पेपरवर पन्नास नावं असली तरी पन्नासही जणांच्या खात्यात तो अख्खा जमा होतो. तुमच्या शाखेत चालेल का असं?

ग्रँट मेडिकल कॉलेजच्या डॉ. वि. ना. शिरोडकरांनी गर्भ टिकावा म्हणून गर्भाशयमुखाला टाका घालायची पद्धत १९५५मध्ये ‘अँटिसेप्टिक’ या भारतीय मासिकात छापली. जगभरचे स्त्रीरोगतज्ज्ञ आजही त्याला ‘शिरोडकर टाका’च म्हणतात. एच-इंडेक्सच्या हिशेबात तो एक पेपर.

मुलीला पबमेडवर (वैद्यकीय पेपर शोधायची साइट) दोघांचे अलीकडचे पाच-सहा पेपर काढायला सांगा. वैद्यकीय पेपरात साधारणपणे राबणाऱ्याचं नाव पहिलं आणि गाइडचं शेवटचं असतं. पहिल्या जागी विद्यार्थी किंवा रेसिडेंट दिसतात का? दिसले तर त्यांतल्या एकाला कँटीनमध्ये गाठून विचारायचं: भेट किती दिवसांनी मिळायची, एथिक्स कमिटीच्या कागदांना मदत कोणी केली, मसुदा तपासून परत कधी आला. पूर्वी एका मुलाला मीच मोठं नाव बघून पाठवलं होतं. दोन महिन्यांत सर त्याला दोनदा भेटले, त्यातलं एकदा लिफ्टमध्ये.

राउंडला थांबून समजावणारी व्यक्ती मसुदाही वाचेल, असा माझा अंदाज. आणि मॅडमचा आकडा एकदा गूगल स्कॉलरवरही बघा.