डेप्थ चार्जला पाणसुरुंग म्हणावं का?

धरमपेठेतल्या एका शिक्षिकेचा प्रश्न आहे. १९७१ च्या युद्धावर मुलांसाठी मराठीत तक्ता करताना त्यांना डेप्थ चार्ज, म्हणजे पाणबुडी फोडायला पाण्यात टाकायचा बॉम्ब, या शब्दासाठी एके ठिकाणी ‘पाणसुरुंग’ सापडला, तर दुसरीकडे ‘पाणतीर’. यातला बरोबर कोणता?

दोन्ही चूक. आणि तुमच्या तक्त्यात ही चूक चांगलीच महागात पडेल. कशी, ते पुढे येतंच.

‘सुरुंग’ मुळात भुयार. संस्कृतात सुरुङ्गा, ग्रीकमधल्या नळी या अर्थाच्या ‘सिरिंक्स’शी अनेक अभ्यासक त्याचं नातं जोडतात. किल्ल्याच्या तटाखाली भुयार खणून त्यात दारू ठासायची, म्हणून भुयाराचं नाव स्फोटाला लागलं. इंग्रजी ‘माइन’चंही तेच झालं, आधी खाण, मग स्फोटक. आपल्याकडे विहिरीला काळा पाषाण लागला की सुरुंग लावतात, आणि गडचिरोलीच्या बातम्यांमुळे ‘भूसुरुंग’ नागपूरकरांच्या रोजच्या वाचनातला. या सगळ्यांत सुरुंग लावला तिथेच असतो. पाणसुरुंगही तसाच, पेरून ठेवायचा आणि जहाज त्याच्याकडे येण्याची वाट पाहायची.

पाणतीर स्वतः धावतो. टॉर्पेडोला हा शब्द फार नेमका बसलाय, मूळ शब्दापेक्षाही. टॉर्पेडो हे विजेचा झटका देणाऱ्या माशाचं लॅटिन नाव. १८६४ साली अमेरिकेच्या यादवी युद्धात मोबील उपसागरात ज्यांना टॉर्पेडो म्हणत, ते चक्क पाणसुरुंग होते! रॉबर्ट व्हाइटहेडने १८६६ मध्ये आपोआप धावणारं अस्त्र तयार केलं आणि पुढे ते नाव त्यालाच चिकटलं.

डेप्थ चार्ज वाट पाहत नाही आणि पाठलागही करत नाही. तो बुडतो. ब्रिटिश नौदलाने १९१६ मध्ये वापरात आणलेला ‘टाइप डी’ म्हणजे सुमारे १३६ किलो स्फोटक भरलेलं पिंप. जहाजाच्या मागच्या टोकावरून पाण्यात ढकलायचं. दर दहा मीटरला पाण्याचा दाब साधारण एका वातावरणाने वाढतो. ठरवून दिलेल्या खोलीचा दाब आला की आतला खटका सुटतो आणि पिंप फुटतं. म्हणून नावात ‘डेप्थ’. मराठीत मात्र इथे अडचण होते. ‘खोलीवर फुटणारा बॉम्ब’ लिहिलं तर मुलांना राहायची खोली आठवणार. मी सरळ ‘डेप्थ चार्ज’ लिहीन आणि पहिल्या उल्लेखाला ‘खोल पाण्यात ठरलेल्या दाबाला फुटणारा बॉम्ब’ असं सांगेन.

पाणबुडी या शब्दाकडेही जरा बघा. फुटाळ्यावर किंवा अंबाझरीला सकाळी टिबुकली दिसते. हिंदीत तिला पनडुब्बी म्हणतात आणि जहाजालाही तेच नाव. ती बुडाली तिथे नजर लावून बसलात तर फसता, कारण ती दहा हात पलीकडे वर येते. नौदलाचंही हेच दुखणं होतं. ध्वनीने शोध घेणाऱ्या ॲस्डिक यंत्राचा झोत पुढे जायचा, त्यामुळे जहाज पाणबुडीच्या अगदी जवळ पोचलं की तीच हरवायची आणि तेवढ्यात दिशा बदलून निसटायची. म्हणून दुसऱ्या महायुद्धात ‘हेजहॉग’ आला. एका वेळी २४ बॉम्ब जहाजाच्या पुढे फेकायचे, संपर्क तुटायच्या आधीच. ते फक्त पाणबुडीवर आदळले तरच फुटत. दाबाशी त्यांचा संबंध नाही, तेव्हा त्यांना डेप्थ चार्ज म्हणू नये. पुढे फेकायची ही रीत आजच्या पाणबुडीविरोधी रॉकेटांपर्यंत आली आहे. जून-जुलै २०२५ मध्ये आयएनएस कवरत्तीवरून ज्या लांब पल्ल्याच्या रॉकेटाच्या चाचण्या झाल्या, त्याच्या उत्पादनात नागपूरची एक कंपनी भागीदार आहे.

जुनी कागदपत्रं भाषांतरित करताना आणखी एक जपा. १९४३ मध्ये अमेरिकेने पाणबुडीच्या पंख्याच्या आवाजामागे जाणारा पाणतीर आणला आणि गुप्ततेसाठी त्याला ‘मार्क २४ माइन’ असं नाव दिलं. तिथे ‘माइन’ला पाणसुरुंग लिहिलं की अर्थच गेला.

आता तुमचा तक्ता. ९ डिसेंबर १९७१ ला आपली युद्धनौका ‘खुकरी’ बुडाली ती पाकिस्तानच्या ‘हंगोर’ पाणबुडीने सोडलेल्या पाणतीराने. त्याआधी ३-४ डिसेंबरच्या रात्री विशाखापट्टणमजवळ पाकिस्तानची पाणबुडी ‘गाझी’ बुडाली. भारताच्या म्हणण्यानुसार आयएनएस राजपूतने टाकलेल्या डेप्थ चार्जने. पाकिस्तानची बाजू अशी की ती स्वतःच पेरत असलेल्या पाणसुरुंगांच्या स्फोटात गेली. तिथे तुम्ही डेप्थ चार्जला ‘पाणसुरुंग’ लिहिलंत, तर भारताच्या बाजूचं वाक्य नकळत पाकिस्तानच्या बाजूचं होऊन बसेल.