न्हाणीतला नळ भिंतीतून गळतोय: फोडाफोडीच्या आधी

हर्णैच्या घरी न्हाणीतला नळ जिथे भिंतीत शिरतो तिथून पाणी झिरपतंय, दोनदा टेफ्लॉन टेप गुंडाळूनही थांबलं नाही आणि गवंडी भिंत फोडायला सांगतोय, असं तुम्ही लिहिलंय. भिंतीला एवढ्यात हात लावू देऊ नका.

जांभ्याचा चिरा पाणी पितो. जोडातून निघालेलं पाणी त्यात मुरतं आणि भलतीकडेच ओल दाखवतं, त्यात पावसाळ्यात भिंत बाहेरूनही भिजलेली. टाकीची पातळी बघून अंदाज येत नाही, कारण हजार लिटरच्या टाकीत एक सेंटिमीटर म्हणजेच 8-10 लिटर. त्यापेक्षा नळामागची गोल वाटी मागे सरकवा, जोड फडक्याने कोरडा करा, वर्तमानपत्राचा तुकडा खालून टेकवा आणि बॅटरी मारून बघा. कागद आट्यांपाशी भिजला तर काम तुमच्या हातातलं आहे. नळाच्या तोंडातून थेंब येत असेल तर मात्र हा जोडाचा प्रश्नच नाही, वायसर किंवा आतलं स्पिंडल बदला.

टाकी छपरावर चार मीटर उंच असली तरी दाब जेमतेम 0.4 बार. इतक्या दाबाला जोड आवळून आवळून थांबवावा लागत नाही. थांबत नसेल तर आटे खराब आहेत, घाण आहेत किंवा टेप चुकीचा बसलाय. जोर लावला की भिंतीतला प्लास्टिकचा एल्बो, म्हणजे पाइपचा काटकोनी जोड, आतल्या आत चिरतो आणि मग खरोखरच भिंत फोडावी लागते.

टाकीची चावी बंद करा, खालचा एखादा नळ उघडून पाइप रिकामा करा आणि नळ सोडवा. बहुतेक घरांत नळ आणि एल्बोच्या मध्ये एक्स्टेन्शन निपल, म्हणजे आटे पाडलेला पाइपचा छोटा तुकडा, असतं. ते बाहेर काढून नखाने खरवडा. खाऱ्या हवेत स्वस्त मिश्रधातूचं निपल आतून भुसभुशीत होतं, वरचा चकचकीत मुलामा मात्र शाबूत दिसतो. आट्याची कड तुटून हातात आली तर टेपचं बंडल संपवलंत तरी उपयोग नाही, भरीव पितळी निपल आणा. हातात घेतलं की वजनातच फरक कळतो. माझ्या मते समुद्राकाठी पैसे वाचवायची ही जागा नव्हे.

एल्बोच्या आतले आटे जुन्या ब्रशने घासून जुन्या टेपचा कण न् कण काढा. आत पितळी आटे आहेत की नुसतं प्लास्टिक, तेही बघून ठेवा. आता निपलचं तोंड आपल्याकडे करून टेप घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने, ताणून, आट्यांत रुतेल असा गुंडाळा. उलटा गुंडाळला की निपल फिरवताना तो सुटून गोळा होतो. दोनदा टेप लावूनही गळतं, त्याचं कारण बरेचदा हेच असतं. पहिला आटा मोकळा ठेवा, 8-10 वेढे पुरे. पितळी आटे असतील तर सुतळी-सफेदाही (आट्यांवर सुतळी गुंडाळून वर सफेदा लावणं) चालतो, प्लास्टिकला नको, सुतळी फुगून एल्बो फाटतो.

निपल आधी हाताने जाईल तितकं फिरवा, मग पान्याने एक-दीड फेरा. नळाचं तोंड खाली आणताना फेरा थोडा कमी पडला तर मागे फिरवू नका, टेप फाटतो. सोडवून, नवा टेप लावून परत बसवा.

पाणी सोडल्यावर पुन्हा कागद लावा. आटे कोरडे आणि पितळ-प्लास्टिकच्या सांध्यातून पाणी येत असेल तर एल्बोच गेला. तेव्हा प्लंबरला बोलवा, पण सांगा, फक्त एल्बोभोवतीचा गिलावा वीतभर काढ. पाइप सीपीव्हीसी (गरम पाण्यालाही चालणारं प्लास्टिक) असेल तर सॉल्व्हंट, म्हणजे पाइप चिकटवायचं द्रावणही, सीपीव्हीसीचंच हवं आणि सध्याच्या दमट हवेत डब्यावर लिहिलेल्या वेळेपेक्षा जास्त वाळू द्यायला हवं. गिलावा लगेच करू नका, एक रात्र टाकीची चावी उघडी ठेवा आणि सकाळी एल्बोखाली कोरडा कागद लावून बघा.