पडद्यावरचे गुण आणि वहीतली वजाबाकी
वाचकांचे प्रश्न : वर्गातील तंत्रज्ञान आणि मूल्यमापन

वर्गातील टॅब आणि स्मार्ट टीव्ही यांवर गेल्या अंकात लेख आला, त्यानंतर आलेल्या पत्रांत साधने कशी वापरावीत यापेक्षा साधनांवर मिळालेल्या गुणांचे काय करावे, याविषयीचे प्रश्न अधिक होते. त्यांपैकी चार पत्रांना येथे उत्तरे देत आहे.

प्रश्न : मी जिल्हा परिषदेच्या द्विशिक्षकी शाळेत तिसरी-चौथीचा जोडवर्ग शिकवते. लोकसहभागातून मिळालेले ५ टॅब आमच्याकडे आहेत आणि पटावर ३० मुले आहेत. मुले टॅबवर हातच्याच्या वजाबाकीचा धडा पाहतात व लगेच त्यावरची चाचणी सोडवतात. बहुतेकांना १० पैकी ८ किंवा ९ गुण मिळतात. पण सत्राअखेरीच्या संकलित चाचणीच्या कागदावर तशाच उदाहरणांना निम्मी मुले हातही लावत नाहीत. आकारिक, म्हणजे शिकवताना सत्रभर चालणाऱ्या, मूल्यमापनात मी कोणते गुण धरावेत?
— एक उपशिक्षिका, अकोले तालुका

उत्तर : टॅबवरचे गुण धरण्याआधी ते कसे पडले, हे एकदा मुलांच्या मागे उभे राहून पाहावे. चार पर्यायांचे १० प्रश्न निव्वळ अंदाजाने सोडवले, तर सरासरी अडीच गुण पडतात, आणि ५ किंवा त्याहून अधिक गुण पडण्याची शक्यता सुमारे ८ टक्के असते. याचा अर्थ, ३० मुलांनी डोळे मिटून बोट ठेवले तरी दोघे-तिघे काहीही न येता निम्म्या गुणांपर्यंत पोहोचतील. आपल्या वर्गाचे ८-९ गुण मात्र नशिबाने पडणारे नाहीत, त्यामुळे कारण दुसरीकडे शोधायला हवे. ५ टॅब आणि ३० मुले म्हणजे एका पडद्याभोवती सहा डोकी. त्यांतले सर्वांत चपळ बोट कोणाचे आहे, हे आपल्याला ठाऊकच असेल. शिवाय अशा बऱ्याच चाचण्यांत उत्तर चुकले की पुन्हा संधी मिळते आणि शेवटी दिसतो तो सुधारलेला आकडा. प्रश्नांचा क्रमही ठरलेला असेल, तर दुसऱ्या-तिसऱ्या खेपेला मुलांना वजाबाकी नव्हे, उत्तराची जागा पाठ होते. 'तिसऱ्याला खालचे उजवे' असे एक मूल दुसऱ्याच्या कानात सांगताना मी स्वतः ऐकले आहे.

यात मुलांची लबाडी नाही. त्यांच्या दृष्टीने तो खेळ आहे आणि खेळ जिंकण्याचा मार्ग त्यांनी शोधला आहे. म्हणून टॅबवरची ती चाचणी सराव समजावी आणि तिचे गुण नोंदवहीत घेऊ नयेत, असे माझे स्पष्ट मत आहे. २० ऑगस्ट २०१० च्या शासन निर्णयाने लागू झालेल्या सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापनात तिसरी-चौथीसाठी आकारिक ६० आणि संकलित ४० असा भार आहे, आणि आकारिकसाठी दैनंदिन निरीक्षण, तोंडी काम, प्रात्यक्षिक, उपक्रम, प्रकल्प, चाचणी, स्वाध्याय अशी साधने दिली आहेत. चाचणी हे त्यांतले एक साधन आहे. पडद्यावर गुण आयते मिळतात म्हणून तिने बाकीच्या साधनांची जागा खाऊ नये.

तंत्रज्ञान बाजूला ठेवा, असे मात्र मी म्हणणार नाही. प्रश्न नीट रचला तर तेच पर्याय फार मोलाची माहिती देतात. ३०५ − १७८ हे उदाहरण घ्या. पर्याय म्हणून १२७, २७३, १३७ आणि २३७ द्या. २७३ निवडणारे मूल प्रत्येक घरात मोठ्या अंकातून लहान अंक काढते, मग तो वर असो की खाली. १३७ निवडणाऱ्याने शतक मोडून दशकाच्या घरात १० आणले, पण त्यातला एक दशक एककाला दिल्यावर तेथे ९ उरले, हे तो विसरला. २३७ निवडणाऱ्याने उसने घेतले, मात्र दशक आणि शतक या दोन्ही घरांतून ते कमी केलेच नाही. तिघांचेही उत्तर चूक आहे आणि तिघांनाही उद्या वेगवेगळे शिकवायचे आहे. 'चूक' एवढाच लाल शेरा देणारी चाचणी हे सारे गिळून टाकते.

अशा एका प्रश्नासाठी टॅबही लागत नाही. प्लिकर्स नावाची कागदी कार्डे छापून घेता येतात. प्रत्येक मुलाचे कार्ड वेगळे असते, त्यावरची आकृती चौकोनी असते आणि कार्ड कोणत्या बाजूने वर धरले यावरून अ, ब, क, ड यांपैकी एक उत्तर ठरते. शिक्षकाने आपला एक फोन वर्गावरून फिरवला की कोणी काय निवडले याची नोंद होते. पर्यायाचे अक्षर बारीक छापलेले असल्यामुळे शेजाऱ्याचे पाहून कार्ड फिरवणे अवघड जाते. आपल्या पटाला हे ५ टॅबपेक्षा अधिक सोयीचे पडेल.

त्यापुढचे काम फोनचे नाही. कार्ड वर करण्याआधी प्रत्येकाने वहीत मांडणी केलेली असावी आणि २७३ म्हणणाऱ्या मुलांना जवळ बोलावून 'कसे केलेस, सांग' एवढेच विचारावे. एका शाळेत चौथीतल्या मुलीने मला शांतपणे उत्तर दिले होते, "गुरुजी, लहानातून मोठे जात नाही ना? मग मोठ्यातून लहान काढले." तो नियम तिला दुसरीत आम्हीच शिकवला होता. तिच्या दैनंदिन निरीक्षणाची नोंद त्या एका वाक्यात होती, आणि आमचीही.

प्रश्न : मी पाचवीच्या वर्गासाठी गूगल फॉर्मवर चाचणी करून पालकांच्या गटावर पाठवतो. लहान उत्तरांच्या प्रश्नांत बरोबर लिहिलेली उत्तरेही चूक दाखवली जातात. काही मुलांची उत्तरे येतच नाहीत; त्यांना शून्य द्यावे काय?
— एक पदवीधर शिक्षक, पैठण तालुका

उत्तर : लहान उत्तराच्या प्रश्नात फॉर्मला अर्थ कळत नाही, आपण दिलेल्या उत्तराशी अक्षरे जुळतात की नाही, एवढेच तो पाहतो. आपण उत्तर देवनागरी अंकांत '२५' असे दिले असेल आणि मुलाने फोनवरच्या आंतरराष्ट्रीय अंकांत लिहिले असेल, तर ते चूक ठरते. 'पंचवीस' लिहिले तरी चूक ठरते. मराठीत ऱ्हस्व-दीर्घाची भर आहेच. परिसर अभ्यासाच्या प्रश्नाला 'नदि' लिहिणाऱ्या मुलाला भूगोल येतो, शुद्धलेखन येत नाही, आणि गुण भूगोलाचे आहेत. त्यामुळे उत्तरसूचीत संभाव्य सर्व रूपे आधीच भरून ठेवावीत आणि गुण आपोआप न कळवता स्वतः तपासून मग कळवण्याची सोय निवडावी.

शून्य देऊ नये. फोन वडिलांसोबत शेतावर किंवा कामावर गेला असेल, दोन भावंडांत एकच असेल किंवा रिचार्ज संपला असेल. न आलेले उत्तर म्हणजे न आलेला पाठ नव्हे. त्या मुलांना दुसऱ्या दिवशी तेच प्रश्न कागदावर द्यावेत. रात्री साडेदहाला आलेल्या, एकही खाडाखोड नसलेल्या उत्तरात आईचा हात किती आहे, हेही कागदावरच कळते. घरून येणाऱ्या फॉर्मचा खरा उपयोग वेगळाच आहे. कोणता प्रश्न सर्वाधिक मुलांचा चुकला, हे तो एका नजरेत दाखवतो, आणि उद्याच्या तासाची सुरुवात कोठून करावी हे त्यावरून ठरवता येते.

प्रश्न : नववीच्या मराठीसाठी 'आमच्या गावातील पाणवठे' हा प्रकल्प दिला होता. ४२ पैकी निम्म्याहून अधिक प्रकल्प एकाच गुळगुळीत भाषेत आले आहेत आणि ते कृत्रिम बुद्धिमत्तेच्या साधनांकडून लिहून घेतलेले दिसतात. असे लेखन ओळखणारी संकेतस्थळे आहेत, असे ऐकले. त्यांच्या आधारे गुण कमी करणे योग्य होईल काय?
— एक माध्यमिक शिक्षिका, सांगोला तालुका

उत्तर : त्या आधारे एकही गुण कमी करू नये. ही साधने माणसाने लिहिलेला मजकूर यंत्राचा ठरवतात आणि यंत्राचा माणसाचा ठरवतात. त्यांच्या निकालावरून एखाद्या प्रामाणिक मुलीला वर्गासमोर खोटे ठरवणे फार महागात पडेल. तशी गरजही नाही. प्रकल्पात गावच्या बारमाही नदीचे वर्णन असेल आणि गावाला नदीच नसेल, तर निवाडा झालाच आहे.

खरी अडचण प्रकल्पाच्या मांडणीत आहे. आपण तयार कागदाला गुण दिले, म्हणून मुलांनी तयार कागद आणला. भाषा विषयाच्या ८० गुणांच्या लेखी परीक्षेसोबत २० गुणांचे अंतर्गत मूल्यमापन आहे; त्यातला प्रकल्पाचा वाटा कामाच्या टप्प्यांवर विभागावा. पहिल्या आठवड्यात आड, बारव, हातपंप, टँकरची जागा यांची यादी आणि हाताने काढलेला कच्चा नकाशा घ्यावा. दुसऱ्या आठवड्यात गावातल्या एका वयस्क व्यक्तीशी झालेल्या बोलण्याची टिपणे घ्यावीत. ती वेडीवाकडी असली तर उत्तमच. पहिला परिच्छेद वर्गात, हाताने लिहून घ्यावा. संगणकावर काम करणाऱ्यांचा मजकूर गूगल डॉक्समध्ये असेल, तर आधीच्या आवृत्त्या उघडून लेखन हळूहळू वाढत गेले की एकाच क्षणी येऊन पडले, हे पाहता येते. शेवटी प्रत्येकाशी दोन मिनिटे बोलावे. तुमच्या आडावरचा रहाट कधी निघाला, उन्हाळ्यात पाणी किती हात खाली जाते, टँकर आला की पहिली घागर कोणाची लागते, या प्रश्नांची उत्तरे कोणत्याही यंत्राकडे नाहीत आणि आडावर जाऊन आलेल्या मुलाला ती सांगताना अडखळावेही लागत नाही.

आलेल्या ४२ प्रकल्पांचे काय, हा प्रश्न उरतो. ते परत द्यावेत आणि यंत्राकडून घेतलेला मजकूर तसाच ठेवून, त्यातले काय आपल्या गावाला लागू नाही ते लाल शाईने खोडून समासात खरे काय ते लिहावे, असे सांगावे. त्या समासाला गुण द्यावेत. माझ्या अंदाजाने तो मूळ प्रकल्पापेक्षा अधिक वाचनीय होईल.

प्रश्न : आमच्या शाळेत मुलांच्या प्रगतीच्या वर्णनात्मक नोंदी शिक्षक समाजमाध्यमांवरच्या तयार यादीतून उचलतात. एका वर्गात ३४ पैकी ११ मुलांपुढे 'परिपाठात उत्स्फूर्तपणे सहभाग घेतो' असे आहे, त्यांत मुलीही आहेत. सर्वांना पुन्हा लिहायला लावावे काय?
— एक मुख्याध्यापक, चिपळूण तालुका

उत्तर : लिहायला लावले, तर दुसरी यादी सापडेल. नोंदी एकदम ३४ लिहायच्या म्हटले की कोणीही यादीच शोधणार. त्याऐवजी रोज ४ मुले ठरवून घ्यावीत; नऊ शालेय दिवसांत पट पूर्ण होतो. येथे फोन खरोखर कामाचा आहे. प्रत्येक मुलाचे एक मिनिटाचे प्रकट वाचन जूनमध्ये ध्वनिमुद्रित करावे आणि तेवढ्याच अवघड, पण न वाचलेल्या उताऱ्यावर दिवाळीनंतर पुन्हा करावे. पायाभूत वाचन-गणितासाठीच्या केंद्राच्या निपुण भारत अभियानात तिसरीअखेर मिनिटाला किमान ६० शब्द अर्थ समजून वाचता यावेत, असे लक्ष्य आहे. शब्द मोजायला ध्वनिमुद्रण पुन्हा ऐकता येते आणि त्यानंतर उताऱ्यावर एखाद-दुसरा प्रश्न विचारता येतो. घरी कोकणी किंवा संगमेश्वरी बोलणाऱ्या मुलाने एखादा उच्चार घरच्यासारखा केला, तर ती वाचनातली चूक धरू नये. ही मुद्रणे शाळेच्याच संगणकावर ठेवावीत, पालकांना विचारून करावीत आणि कोणत्याही गटावर टाकू नयेत. एका मुलाचे अडखळणे इतर ३३ घरांनी ऐकण्याचे कारण नाही.

अशा नोंदीला मग यादी लागत नाही. नमुना म्हणून एक देतो : 'जूनमध्ये मिनिटाला २२ शब्द, जोडाक्षरापाशी थांबे. आता ४१. जोडाक्षरे सुटली आहेत. पूर्णविराम न घेता पुढे जाते, म्हणून गोष्ट विचारली की शेवट सांगते, मधले सांगत नाही. पुढील महिना : जोडीने, पात्रे वाटून वाचन.'