देवेंद्र फडणवीस विधानसभेला कधी हरलेत का? आणि सीट कोणती?

नाही भाऊ, 1999 पासून सलग 6 वेळा निवडून आलेत. आधी 1992 ला नगरसेवक, मग 1997 ला महापौर. पहिल्या दोन टर्म पश्चिम नागपूरच्या, मग मतदारसंघांची फेररचना झाली आणि 2009 पासून दक्षिण-पश्चिम. पण लीड बघा, 2014 ला जवळपास 59 हजार, 2019 ला 49 च्या आसपास, 2024 ला 39 हजारांवर, म्हणजे दरवेळी दहाएक हजारानं कमी, हे कुणी बोलत नाही. आणि गंमत म्हणजे 2004 ला काँग्रेसच्या रणजित देशमुखांना पाडलं, 2019 ला त्यांच्याच पोराला, आशिषला, आणि तोच आता भाजपकडून सावनेरचा आमदार आहे बाप्पा!