आइंडहोव्हनला कंपनी काढण्यापूर्वी

यंत्रांची कंपने मोजणारा सेन्सर घेऊन आपण पुण्याहून नेदरलँड्समधील आइंडहोव्हनला कंपनी काढू पाहत आहात. कल्पना कितपत उघड करावी आणि सगळे सहकारी पुण्यातूनच आणावेत का, हे आपले दोन प्रश्न आहेत. नेदरलँड्सचा स्टार्टअप व्हिसा एका वर्षाचा असतो व त्यासाठी सरकारमान्य मार्गदर्शक संस्था पाठीशी असावी लागते. तेव्हा तिच्यापुढे तरी कल्पना मांडावीच लागेल.

मात्र पेटंटचा अर्ज आधी करा. अर्जापूर्वी शोध जाहीर झाला, तर युरोपात त्याचे नावीन्य संपुष्टात येते. आणि भारतात राहून थेट परदेशी अर्ज करायचा तर भारतीय पेटंट कार्यालयाची परवानगी लागते, किंवा भारतात अर्ज करून सहा आठवडे थांबावे लागते. एवढे झाल्यावर लपवाछपवी नको, कारण या गावाचा सगळा व्यवहारच वाटून घेण्यावर चालतो. शेजारच्या फेल्डहोव्हनमधील एएसएमएल ही, संगणकाच्या चिप बनवण्याची यंत्रे तयार करणारी कंपनी १९८४ साली फिलिप्स आणि एएसएम इंटरनॅशनल यांच्या भागीदारीतून निघाली. तिच्या सर्वांत प्रगत यंत्रातील आरसे जर्मनीच्या झाइसचे आणि लेझर ट्रुम्फचा. २०१२ मध्ये तर इंटेल, सॅमसंग आणि टीएसएमसी या एकमेकांशी स्पर्धा करणाऱ्या चिप उत्पादकांनी तिच्या संशोधनाला पैसा पुरवला आणि भागभांडवलही घेतले. पुरवठादाराला अडचण सांगितली नाही, तर तो नमुन्यात सुधारणा कशी सुचवणार? मी स्वतः इथल्या पुरवठादारांना चाचणीची आकडेवारी, अगदी फसलेल्या चाचण्यांचीसुद्धा, दाखवतो.

सहकाऱ्यांबाबत माझे मत असे की दोघांना पुण्यातून आणावे, पण यंत्ररचनेची जबाबदारी इथल्या अनुभवी माणसाकडे द्यावी. तो पहिल्याच बैठकीत, ग्राहकासमोरसुद्धा, आपला आराखडा चुकीचा असल्याचे सांगेल. त्यात उद्धटपणा नसतो. उलट आपली पुण्याची मुले वरिष्ठांसमोर मान डोलावतात आणि खरी शंका चहाच्या वेळी एकमेकांना सांगतात. म्हणून आमच्या कंपनीत आराखड्यावर सर्वांत कनिष्ठ माणूस प्रथम बोलतो आणि संस्थापक शेवटी. इथे निर्णयाला वेळ लागतो, कारण ज्याला काम करायचे त्या प्रत्येकाचे म्हणणे ऐकले जाते. पण एकदा ठरले की सहसा पुन्हा तोच विषय उकरला जात नाही. (आपल्याकडे नेमके उलट घडते, हे आपणही पाहिले असेल.)

खर्चाचा हिशेब करताना दोन गोष्टी धरा. आठवड्याला चारच दिवस काम करणारे पुष्कळ भेटतील, त्यामुळे वेळापत्रक माणसांवर नव्हे, तासांवर बांधा. कर्मचारी आजारी पडल्यास मालकाला दोन वर्षांपर्यंत किमान ७० टक्के वेतन द्यावे लागते. लहान कंपनी एवढ्यानेच कोलमडू शकते, म्हणून पहिली नेमणूक करण्यापूर्वी या जोखमीचा विमा उतरवा आणि त्याचा हप्ता पहिल्याच वर्षाच्या अंदाजपत्रकात मांडा.